उलटे आटे

सॅमसन परेरा कायमचा मडगावला परत गेला
तेव्हा सोफा खपला, फ्रिज खपला, पोपटाचा पिंजराही कुणीतरी नेला.
उरली ही फ्रेम.
चाकं नाहीत, हँडल नाही, सीट नाही,
पेरूच्या पानाचा हिरवा रंग, खालच्या नळीला एक पोचा.
"पाच रियाल द्या वहिनी, नाहीतर कचऱ्यात टाकतो."
मी तीन दिले आणि डबाभर चिवडा.

रुवीत तिसऱ्या मजल्यावर, मोलकरणीसाठी बांधलेल्या
आणि मोलकरीण कधी न पाहिलेल्या खोलीत
पंख्याच्या रिकाम्या हुकाला ती उलटी टांगली.
हेरंब तेव्हा मार्मूलला, रिगवर.
फोनवर म्हणाला, तुझे आटे ढिले झालेत.

माझ्या व्हिसावर लिहिलंय, नोकरीस परवानगी नाही.
बोल्ट आवळण्याबद्दल त्यात काही नाही.
सांगलीत सात वर्षं मी पंपांची ड्रॉइंगं काढली,
टॉलरन्स लिहिला, आटा लिहिला, कोपऱ्यात सही केली.
पाना मात्र कुणी हातात दिला नाही.

मिसळणाचा डबा रिकामा केला.
मोहरीच्या वाटीत छर्रे,
जिऱ्याच्या वाटीत वॉशर,
हळदीच्या वाटीत साखळीची जोडकडी,
जी कितीही पुसली तरी पिवळीच निघाली.

हेडसेट दाबून बसवायचं यंत्र चाळीस रियालचं.
मी आटे पाडलेली सळई आणली, दोन नट, दोन जाड वॉशर,
सगळं मिळून आठशे बैसा.
अर्धा फेरा. थांब. वाकडं जातंय का बघ. पुन्हा अर्धा.
फोर्कवरची कडी मात्र बसेना,
तेव्हा विमानतळावर वजनावरून भांडून आणलेला
वरवंटा काढला.
खालच्या मजल्यावरून विचारणा झाली, पुरण वाटताय का?

बॉटम ब्रॅकेटनं तीन संध्याकाळी खाल्ल्या.
डावीकडे लोण्यासारखा गेला, उजवीकडे शिरेचना.
हात घसरला, करंगळीचं साल निघालं.
शेवटी कप रुमालात बांधून गुलनवाझच्या दुकानात.
"मुलासाठी?" त्यानं विचारलं.
हो म्हटलं.
मूल नाही आम्हांला.
त्यानं कप माझ्या तळहातावर ठेवला
आणि काही न बोलता
घड्याळाच्या उलट फिरवून दाखवला.
उजवीकडचा आटा डावा असतो.
कागदावर शंभरदा लिहिलं होतं मी हे,
मनगटाला ठाऊक नव्हतं.

मंडळाच्या हळदीकुंकवाला वाण घेताना
वृषाली आगाशे माझ्या नखांकडे बघत म्हणाल्या,
मेंदी फारच काळी रंगलीय हो.
मी म्हटलं, लिथियमची आहे.
त्यांनी दुकानाचं नाव लिहून घेतलं.

नोव्हेंबर. पहाटे साडेचार.
लिफ्टमध्ये ती आडवी मावत नाही,
मागच्या चाकावर उभी करावी लागते, माणसासारखी.
हमरियाच्या मागे शेळ्यांची वाट आहे.
माती नाहीच, नुसता तपकिरी दगड, विळीसारख्या धारेचा.
साखळी दोनदा उतरली.
डावीकडे वळलं की गिअर आपोआप बदलतो,
केबल मी दोन बोटं आखूड कापली.
टोकापर्यंत नाही पोचले.
अर्ध्यावर उतरले, ढकलली, धापा टाकत बसले.
खाली मत्रहच्या बंदरात एक जहाज
सगळे दिवे लावून उगाच उभं होतं.
उतारावर ब्रेक किंचाळले,
शेळ्या पांगल्या,
आणि मीही काहीतरी ओरडले,
इथे लिहिण्यासारखं नाही, पण मराठीत होतं.

घरी येऊन डबा उघडला.
जिऱ्याच्या वाटीत एक वॉशर उरलाय.
पातळ, आतल्या कडेला किंचित उतार.
चारदा सगळं तपासलं.
काही हलत नाही, काही वाजत नाही.
हेरंब गुरुवारी येईल, विचारेल, हा कुठला?

जिरं मी सध्या बरणीतच ठेवते.